कान खर्जाकडे ठेवा: बरोक संगीतकारांची ओळख

टायटनच्या जाहिरातीची धून भारतात कुणाला मुद्दाम ऐकवावी लागत नाही. ती मोझार्टच्या २५व्या सिंफनीतली, १७७३ सालची. फोनवर ताटकळत ठेवलं की ‘कृपया प्रतीक्षा करा’च्या मागे व्हायोलिनचा एक खेळकर तुकडा पुष्कळदा वाजतो. तो विवाल्डीच्या ‘वसंत’चा, १७२५ मध्ये छापून आलेला. दोन्हींवर आपण ‘वेस्टर्न क्लासिकल’ हा एकच शिक्का मारतो आणि रोजच्या बोलण्यात त्यात काही बिघडत नाही. संगीताचे इतिहासकार मात्र ‘क्लासिकल’ हे नाव हेडन-मोझार्टच्या पिढीसाठी राखून ठेवतात, म्हणजे साधारण १७५० नंतरच्या काळासाठी. त्याआधीची दीडशे वर्षं, ढोबळमानाने १६०० ते १७५०, बरोकची. आपल्याकडचं माप लावायचं तर तुकोबांच्या जन्माच्या आसपासपासून सातारच्या शाहू महाराजांच्या निधनापर्यंत.

या दीडशे वर्षांत इतकं काही घडलं की मॉन्टेवेर्डी आणि बाख लागोपाठ ऐकले, तर ही माणसं एका काळातली कशी असा प्रश्न पडावा. भाषा वेगळी, धर्मपंथ वेगळे, एक दरबारात आणि व्हेनिसच्या मोठ्या चर्चमध्ये, दुसरा जर्मन शाळेत. त्यांना बांधणारी गोष्ट वरच्या सुरावटीत शोधायला गेलात तर सापडणार नाही. ती खाली, खर्जात आहे.

सोळाव्या शतकातलं चर्चमधलं गाणं म्हणजे चार-पाच आवाजांची वीण. प्रत्येक आवाजाला स्वतःची चाल, आणि तेच शब्द प्रत्येकजण वेगळ्या वेळी म्हणणार. पालेस्ट्रीनासारख्या संगीतकाराच्या हातात ही वीण फार देखणी होते, पण शब्द कळतात का? फ्लॉरेन्समध्ये काउंट बार्डीच्या घरी जमणाऱ्या मंडळींचं म्हणणं, कळत नाहीत. या बैठकीत व्हिन्चेन्झो गॅलिली नावाचा, ल्यूट हे तंतुवाद्य वाजवणारा होता, दुर्बिणीवाल्या गॅलिलिओचा बाप. प्राचीन ग्रीक नाटकं गाऊनच होत असत, अशी या लोकांची समजूत. ती कितपत खरी हा भाग सोडा, पण तिच्यापायी त्यांनी एकच गायक, स्पष्ट शब्द आणि मोजकी साथ असा प्रयोग सुरू केला. त्यातून ऑपेरा निघाला. १६०० मध्ये मेदिची घराण्यातल्या लग्नसमारंभात पेरीचा ‘युरिडिचे’ झाला, १६०७ मध्ये मांटुआच्या दरबारात मॉन्टेवेर्डीचा ‘ऑर्फेओ’. पेरीचं काम आज अभ्यासक ऐकतात. ‘ऑर्फेओ’ला आजही प्रेक्षक येतात. १६३७ मध्ये व्हेनिसमध्ये पैसे भरून कुणालाही जाता येईल असं ऑपेरागृह उघडलं आणि हा दरबारी नाद गावाचा झाला.

आता एकट्या गायकाला आधार कशाचा द्यायचा? संगीतकार दोनच ओळी लिहू लागले: वरची गाण्याची, खालची खर्जाची. खालची ओळ चेलो किंवा तसलंच एखादं ढाल्या आवाजाचं वाद्य वाजवणार, आणि तीच ओळ समोर ठेवून हार्पसिकॉर्ड (पियानोच्या आधीचं, पट्ट्या दाबून तारा छेडणारं वाद्य), ऑर्गन किंवा ल्यूट वाजवणारा मधली जागा आपल्या अकलेने भरणार. त्याला खूण म्हणून खर्जाच्या स्वरांशी आकडे टाकलेले असत. घरी पेटी असेल तर करून बघा. खालचा सा धरा. आकडा नसेल तर त्याच्यापासून तिसरा आणि पाचवा स्वर जोडायचा: सा-ग-प. सहाचा आकडा असेल तर तिसरा आणि सहावा: सा-ग-ध. खालचा सा जागचा हललेला नाही, तरी एका आकड्यासरशी रंग उदास झाला. सूर एकदम दाबायचे की मोडून, वरच्या सप्तकात की खालच्या, मध्ये नक्षी किती, हे सगळं वादकाच्या हातात. या पद्धतीला बासो कॉन्टिनुओ म्हणतात: रचनेच्या पहिल्या क्षणापासून शेवटपर्यंत चालत राहणारा खर्ज.

पाश्चात्त्य संगीत म्हणजे कागदावरचं तंतोतंत वाजवणं, ही आपल्याकडची समजूत बरोकला लावली की फसते. ऑपेरातल्या गाण्याचा ठरलेला साचा असा की पहिला भाग, मग वेगळ्या रंगाचा दुसरा, आणि नंतर पहिला पुन्हा. ही पुनरावृत्ती गायकाने ताना-हरकतींनी सजवावी अशी अपेक्षा असे, आणि ती सजावट कागदावर नसे. नाट्यपद रंगवून गाणाऱ्यांची परंपरा ज्यांना ठाऊक आहे, त्यांना यात परकं काही वाटू नये.

मोठा फरक आहे तो षड्जाचा. आपल्या गाण्यात काळी एक धरली की मैफल संपेपर्यंत सा तिथेच. तानपुरा त्याची आठवण देत राहतो आणि राग त्या स्थिर सा-भोवती उलगडतो. बरोक रचनेत खर्ज चालता असतो, आणि तो चालत चालत सा-लाच दुसरीकडे नेतो. रचना मध्येच अशी वळते की आधीचा प आता सा वाटू लागतो. तिथे थोडं थांबून, आणखी एखाद्या मुक्कामाला जाऊन, शेवटी ती मूळ सा-वर परतते. घर सोडल्याची ओढ आणि परतल्याचं समाधान, लांबलचक वाद्यरचना पेलण्याइतकी ताकद यातून मिळाली. ही व्यवस्था बरोक काळात पक्की झाली आणि पुढे मोझार्ट, बेथोव्हेन, ब्राम्स सगळे तिच्यावरच उभे राहिले. १७२२ मध्ये फ्रान्समध्ये रामोने या व्यवस्थेचं शास्त्र मांडणारा ग्रंथ छापला. हाच रामो पुढे पन्नाशीला आल्यावर ऑपेरा लिहू लागला, आणि चांगले लिहिले.

पण खर्ज नेहमीच फिरतो असं नाही. कधी कधी तो एकच छोटी ओळ पुन्हा पुन्हा म्हणत राहतो आणि वरच्या आवाजाला मोकळं सोडतो. तबल्याचा सोलो ऐकलेल्यांना हे चटकन कळेल: पेटीवर लेहरा अखंड चालू, आणि त्याच्या आधाराने तबलजी हवं ते करतोय. १६३८ मध्ये छापलेल्या मॉन्टेवेर्डीच्या एका विलापात हा लेहरा फक्त चार स्वरांचा आहे, सा, कोमल नी, कोमल ध, प. उतरायचं, पुन्हा वर जायचं, पुन्हा उतरायचं. यानंतर साधारण पन्नास वर्षांनी लंडनमध्ये हेन्री पर्सेलने ‘डायडो अँड इनियस’ या ऑपेराच्या शेवटी हीच उतरण घेतली, पण मधला एकही स्वर न गाळता: सा, शुद्ध नी, कोमल नी, शुद्ध ध, कोमल ध, प. पाच मात्राखंडांची ही ओळ अकरा वेळा येते. मरणाच्या दारात उभी असलेली राणी डायडो वर गातेय, आणि तिची ओळ खर्जाच्या ओळीबरोबर संपत नाही. खर्ज पुन्हा पहिल्या स्वरावर आलेला असतो तेव्हा ती मधेच कुठेतरी असते, खर्ज उतरू लागतो तेव्हा ती वर चढते. शेवटी ती गप्प होते आणि खर्ज चालूच राहतो. बरोकमधलं एकच काही ऐकायचं असेल तर मी हे चार-पाच मिनिटांचं गाणं सुचवेन. पर्सेल १६९५ मध्ये वारला, वय पस्तीस-छत्तीस.

याच घराण्यातला पाखेलबेलचा कॅनन. लग्नाच्या हॉलमध्ये, लिफ्टमध्ये, मोबाइलवर तो इतका वाजला आहे की आता ऐकू येईनासा झाला. चेलोकडे बघा: सा प ध ग म सा म प, आठ स्वर, अठ्ठावीस वेळा, बाकी काही नाही. चेलोवाले या रचनेच्या नावाने बोटं मोडतात ते उगाच नाही. वर तीन व्हायोलिन एकच सुरावट एकामागून एक, थोड्या अंतराने वाजवतात, कीर्तनात मागच्या टाळकऱ्याने ओळ उचलावी तशी. फक्त इथे पुढचा थांबत नाही.

फ्रान्सकडे थोडक्यात पाहून पुढे जाऊ. चौदाव्या लुईच्या दरबारात लुली सर्वेसर्वा होता. जन्माने इटालियन, पण ‘फ्रेंच शैली’ म्हणतात ती त्यानेच घडवली. १६८७ मध्ये जड काठी जमिनीवर आपटून ताल देताना ती त्याच्या पायावर बसली, जखम चिघळली आणि त्यातच तो गेला. त्याच्या संगीतापेक्षा ही गोष्ट जास्त लोकांना माहीत असते, हा त्याच्यावर अन्यायच आहे.

इटलीत तोवर व्हायोलिन घरोघरी पोचलं होतं आणि कोरेल्लीने वाद्यवृंदाला शिस्त लावली होती. विवाल्डी त्याच्यानंतरचा. तांबड्या केसांचा हा पाद्री १७०३ मध्ये व्हेनिसच्या पिएता या अनाथाश्रमात व्हायोलिन शिकवायला लागला. तिथल्या मुली जाळीच्या पडद्याआड बसून वाजवत आणि ते ऐकायला युरोपभरचे प्रवासी येत. विवाल्डीच्या शेकडो कॉन्चेर्टोंपैकी पुष्कळ या मुलींसाठी लिहिलेले आहेत. त्याचा साचा सोपा: जलद, संथ, जलद असे तीन भाग. जलद भागात सगळा वृंद मिळून एक ध्रुवपद वाजवतो, मग एकटा व्हायोलिनवादक आपली करामत दाखवतो, मग ध्रुवपद परत येतं, पण आता दुसऱ्या सा-वरून. हा साचा लोकांच्या कानाला इतका पटला की तो उत्तरेत जर्मनीपर्यंत गेला, आणि तिथे बाख नावाच्या एका तरुण ऑर्गनवादकाने विवाल्डीचे कॉन्चेर्टो ऑर्गन आणि हार्पसिकॉर्डसाठी उतरवून घेतले. तो ते करताना शिकत होता.

‘वसंत’चा संथ भाग नीट ऐका. एक धनगर झाडाखाली झोपला आहे, असं सोबत छापलेल्या कवितेत आहे. मुख्य व्हायोलिन म्हणजे त्याची झोप, बाकीची व्हायोलिन म्हणजे पानांची सळसळ, आणि व्हायोला दोन-दोन ठोक्यांत भुंकणारा कुत्रा. या भागात खर्जच नाही. चेलो गप्प, हार्पसिकॉर्ड गप्प. ज्या काळात खर्जाशिवाय पान हलत नव्हतं, त्या काळात विवाल्डीने तो काढून घेतला आणि तळाशी कुत्र्याला बसवलं. पायाखालची जमीन सुटल्यासारखं जे हलकं वाटतं, त्याचं कारण हे आहे.

१६८५ मध्ये तीन मुलं जन्मली: हालेमध्ये हँडेल, आयझेनाखमध्ये बाख, नेपल्समध्ये डोमेनिको स्कार्लाट्टी. तिसऱ्याने पुढे स्पेनच्या राणीच्या पदरी राहून हार्पसिकॉर्डसाठी साडेपाचशेवर सोनाटे लिहिले. पहिले दोघे एकमेकांपासून शे-दीडशे किलोमीटरवर जन्मले आणि आयुष्यात कधी भेटले नाहीत. बाखने प्रयत्न केला. १७१९ मध्ये तो हालेला पोचला तर हँडेल नुकताच निघून गेलेला. म्हातारपणी दोघांच्या डोळ्यांवर शस्त्रक्रिया करणारा इंग्रज वैद्य मात्र एकच निघाला, आणि दोघांनाही गुण आला नाही.

हँडेल धंद्यातला माणूस. इटलीत ऑपेरा शिकला, लंडनला स्थायिक झाला, इंग्रजांना इटालियन ऑपेरा विकला. ती हौस ओसरू लागल्यावर त्याने ऑरेटोरिओकडे मोर्चा वळवला: बायबलमधली कथा, भाषा इंग्रजी, वेशभूषा नाही, पडदे नाहीत, भव्य समूहगान भरपूर. ‘मसाया’ त्याने १७४१ मध्ये चोवीस दिवसांत लिहिला आणि एप्रिल १७४२ मध्ये डब्लिनमध्ये सादर केला. तिकिटाचे पैसे धर्मादाय कामाला जाणार होते. जास्त लोक मावावेत म्हणून बायकांनी घागऱ्याखालच्या कड्या घालून येऊ नये, अशी जाहीर विनंती करावी लागली. १७२७ च्या राज्याभिषेकासाठी त्याने केलेलं ‘झाडॉक द प्रीस्ट’ तेव्हापासून ब्रिटिश राजांच्या राज्याभिषेकात गातात. २०२३ मध्ये तिसऱ्या चार्ल्सच्या वेळीही गायलं गेलं.

बाख नोकरदार. वायमारच्या ड्यूकची नोकरी सोडण्यासाठी त्याने फार लावून धरलं म्हणून १७१७ मध्ये त्याला जवळपास महिनाभर कैदेत टाकलं होतं. तिथून तो क्यूटेनला गेला, आणि १७२३ मध्ये लाइपझिगला. लाइपझिगच्या नगरपालिकेला खरं तर टेलेमान हवा होता. तो आला नाही, मग ग्राउपनरला विचारलं, त्याला त्याच्या मालकाने सोडलं नाही, तेव्हा बाख. काम काय? शाळेतल्या मुलांना गाणं शिकवायचं, शहरातल्या मोठ्या चर्चचं संगीत सांभाळायचं. पहिली काही वर्षं जवळजवळ दर रविवारी नवा कॅन्टाटा: गायक, वादक मिळून वीसेक मिनिटांची रचना. आठवड्याच्या मधल्या दिवसांत लिहायची, शिष्यांनी आणि घरच्यांनी प्रत्येक वाद्याची प्रत उतरवायची, शनिवारी तालीम, रविवारी सकाळी सादर, सोमवारपासून पुढची. असे दोनशेच्या आसपास कॅन्टाटा आज हाती आहेत. त्यांत भरताड शोधून सापडत नाही, हे मला अजून नीट समजलेलं नाही.

बाखचं वेगळेपण एका ठिकाणी डोळ्यांसमोर दिसतं. पाचवा ब्रँडेनबर्ग कॉन्चेर्टो घ्या. बासरी, व्हायोलिन आणि हार्पसिकॉर्ड पुढे, बाकी वृंद मागे. सुरुवातीला हार्पसिकॉर्ड आपलं नेहमीचं, खर्ज भरण्याचं काम करतं. हळूहळू त्याचा उजवा हात चळवळ करू लागतो. मग पहिल्या भागाच्या शेवटाकडे एकेक वाद्य गप्प होतं आणि पासष्ट मात्राखंड हार्पसिकॉर्ड एकटंच सुटतं. आयुष्यभर मागे बसलेल्या साथीदाराने मैफल ताब्यात घ्यावी तसा प्रकार. पुढे पियानो कॉन्चेर्टो म्हणून जे काही झालं, त्याची पहिली ठिणगी लोक इथे पाहतात.

फ्यूगचा बाऊ फार केला जातो. एक आवाज छोटं वाक्य म्हणतो. दुसरा तेच वाक्य पाच स्वर वरून किंवा चार स्वर खालून म्हणतो, तोवर पहिला त्याला शोभेल असं दुसरं काही बोलू लागलेला असतो. मग तिसरा, कधी चौथा. अवघड आहे ते लिहिणं. ऐकताना एकच करायचं, ते पहिलं वाक्य कुठे कुठे डोकं वर काढतं ते पाहायचं. १७२२ च्या ‘वेल-टेम्पर्ड क्लाविअर’मध्ये बाखने बाराही पट्ट्यांवर, प्रत्येकी मेजर (शुद्ध ग) आणि मायनर (कोमल ग) धरून, प्रील्यूड म्हणजे प्रस्तावना आणि तिच्यामागून फ्यूग अशा चोवीस जोड्या लिहिल्या. एकाच वाद्यावर सगळ्या पट्ट्या वाजवता याव्यात म्हणून स्वरांमधली अंतरं थोडी थोडी ओढून-ताणून बसवायची, हा त्यामागचा तिढा. पेटीच्या सुरांवरून आपल्याकडे जो वाद झाला, त्याचं मूळही याच तडजोडीत आहे.

एका सुरावटीखाली दुसरी स्वतंत्र सुरावट चालवण्याची ही सवय गोव्यातून आपल्याकडे आली. पोर्तुगीज काळात चर्चशेजारच्या शाळांतून मुलांना स्वरलेखन आणि व्हायोलिन शिकवलं जाई. तिथे तयार झालेले अँथनी गोन्साल्विस, सेबास्टियन डिसोझा यांच्यासारखे वादक-संयोजक पुढे मुंबईच्या चित्रपटसंगीतात आले. जुनी हिंदी गाणी ऐकताना मुख्य चालीच्या मागे व्हायोलिनचा जो दुसरा प्रवाह वाहताना ऐकू येतो, तो या मंडळींचा.

बाखचं नाव आज सगळ्यांच्या वर लावतात. त्याच्या हयातीत तसं नव्हतं. ऑर्गनवादक म्हणून त्याला मान होता, संगीतकार म्हणून टेलेमान कितीतरी प्रसिद्ध. १७३७ मध्ये शायबे नावाच्या टीकाकाराने बाखचं संगीत गुंतागुंतीचं आणि बोजड असल्याचं छापलं, आणि तरुणांचं मत साधारण तेच होतं. लोकांना हलकी, मोकळी चाल हवी होती. खर्ज शांत झाला, आकडे लिहिण्याची रीत मागे पडली आणि १७५० मध्ये बाख वारला तेव्हा त्याची शैली आधीच जुनी झालेली होती. त्याच्या हस्तलिखितांवर शिकणारे राहिले. लहानग्या बेथोव्हेनला त्याच्या गुरूने ‘वेल-टेम्पर्ड’वरच घडवलं, मोझार्टने ‘मसाया’ आपल्या काळच्या वाद्यवृंदासाठी पुन्हा बांधला. पण सर्वसामान्य श्रोत्यांसमोर बाख आला तो १८२९ मध्ये, बर्लिनमध्ये, वीस वर्षांच्या मेंडेलसोनने ‘सेंट मॅथ्यू पॅशन’ सादर केलं तेव्हा. विवाल्डीला तर विसाव्या शतकापर्यंत थांबावं लागलं. १९२६ मध्ये पीडमाँटमधल्या एका धार्मिक शाळेने जुनी हस्तलिखितं विकायला काढली आणि त्यांत त्याची गठ्ठेच्या गठ्ठे पानं निघाली. दोन कुटुंबांनी आपापल्या वारलेल्या मुलांच्या नावाने पैसे दिले म्हणून ती तुरीनच्या ग्रंथालयात राहिली.

१९७७ मध्ये व्हॉयेजर यानांवर सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी पाठवली, तिच्यावर बाखच्या तीन रचना आहेत, इतर कुठल्याही संगीतकारापेक्षा जास्त. त्याच तबकडीवर गोव्यातल्या केरीच्या केसरबाई केरकरांची भैरवीतली ‘जात कहाँ हो’ आहे. एकीकडे फिरता षड्ज, दुसरीकडे अढळ.

ऐकायला बसताना शेवटची एक व्यवहाराची गोष्ट. जुन्या पद्धतीची वाद्यं, आतड्याच्या तारा, व्हायब्रॅटो (सुराची थरथर) जवळजवळ नाही अशी रेकॉर्डिंग निवडलीत तर खर्ज अधिक स्वच्छ ऐकू येतो. मात्र पेटी घेऊन सोबत सूर लावायला गेलात तर जमणार नाही. बरोक काळात गावोगावी सुराची उंची वेगळी असे, आजच्या वादकांनी सोयीसाठी ‘ए’ म्हणजे पांढरी सहा या सुराला सेकंदाला ४१५ कंपनं ठरवून घेतली आहेत, नेहमीची ४४० नाहीत. त्यामुळे पाखेलबेलच्या कॅननच्या वेष्टनावर पांढरी दोन लिहिलेली असली तरी तो वाजतो काळी एकमध्ये. पेटी दुरुस्तीला टाकू नका.